छोटी पेटी, मोठा खर्ज

बेस गिटार घेताना आपण चार दुकाने फिरतो, जाणत्या मित्राला सोबत नेतो, वाजवताना हात अवघडतो का तेही बघतो. तिच्यासाठी लागणारी स्पीकरची पेटी मात्र बहुतेक जण दोनच प्रश्न विचारून घेतात: किती वॅटची आणि कितीला? मग पहिल्या तालमीत ड्रम सुरू झाले की बेस कुठे गेला ते कळत नाही, आणि तालीम संपल्यावर तीच पेटी तीन जिने उतरवताना खांदा बोलू लागतो.

लहान, हलकी आणि तरीही दमदार पेटी आज मिळते. फक्त ती ओळखता यायला हवी. इथे आपण एकेक पायरी घेत जाऊ. विजेचे किंवा ध्वनिशास्त्राचे काही येत असले पाहिजे, अशी अट नाही.

पहिली पायरी: पेटी कुठे वाजणार?

सुरुवात दुकानात नको, वहीत करा. पेटी कुठे वाजणार ते लिहून काढा: घरी, तालमीच्या खोलीत, छोट्या कॅफेत की मोठ्या रंगमंचावर?

मोठ्या कार्यक्रमात बेसचा आवाज मुख्यतः आपल्या पेटीतून प्रेक्षकांपर्यंत जात नाही. बेसचा सिग्नल वाढवून पेटीला देणाऱ्या अ‍ॅम्पच्या मागे ‘डीआय’ नावाची जोडणी असते. लांबलचक वायरीतून गुणगुण न शिरता सिग्नल मिक्सरकडे नेण्याची ती सोय. तिथून पुढचे काम साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांचे. आपल्याला आणि ड्रमरला बेस ऐकू यावा, एवढेच पेटीचे काम उरते.

कॅफेत किंवा तालमीत उलटे असते. मिक्सरवर फक्त गाणाऱ्याचा माईक असतो आणि बेसचा सगळा भार पेटीवर येतो.

इथे नेहमीची चूक म्हणजे वर्षातले दोन मोठे कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून पेटी घेणे. ते दोन दिवस साउंडवाला सांभाळतो. पेटीची खरी परीक्षा दर आठवड्याला, ड्रमच्या शेजारी होते. निवड त्या खोलीसाठी करा.

दुसरी पायरी: खर्ज किती खाली जातो?

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. यालाच ४१ हर्ट्झ म्हणतात. पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. ४१ हर्ट्झच्या एका ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. एवढी लांब लहर दोन फुटी पेटीतून काढायची, हीच सगळी अडचण.

पण तानपुरा आठवा. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, तो कोणी छेडलेला नसतो. तार मूळ स्वरासोबतच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही देत असते. बेसची ई तारही ४१ च्या जोडीने ८२, १२३, १६४ हर्ट्झचे स्वर देते, आणि त्या वरच्या स्वरांवरून कान खालचा मूळ स्वर आपोआप जुळवून घेतो. घरातल्या जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झखालचे जवळजवळ काही येत नसे, तरी पुरुषाचा जाड आवाज जाडच वाटायचा तो यामुळेच.

म्हणून छोट्या पेटीने ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने द्यावेत असा हट्ट नको. साधारण ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा ती भरीव आणि स्वच्छ देत असेल, तर ड्रम आणि गिटारच्या गर्दीतही बेस हरवत नाही.

तिसरी पायरी: तीनपैकी दोनच

१९५७ मध्ये अमेरिकेत केएलएच ही स्पीकर कंपनी निघाली. तिच्या नावातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम पेटी निवडताना पाठच करून ठेवावा. लहान आकार, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते.

अँपेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा ३०० वॅटचा अ‍ॅम्प काढला, तेव्हा लहान आकारावर पाणी सोडले. त्याच्या पेटीत दहा इंची आठ स्पीकर असतात. वादक तिला लाडाने ‘फ्रिज’ म्हणतात, आणि आजही ती साठ किलोंच्या पुढे भरते.

मग आजच्या बारा-पंधरा किलोंच्या पेट्यांनी हा नियम मोडला का? नाही. त्यांनी तिसरी गोष्ट सोडली: त्यांना वीज जास्त लागते. फक्त ती वीज आता स्वस्त आणि हलकी झाली आहे. ‘क्लास डी’ प्रकारचे अ‍ॅम्प आतले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद ठेवून काम करतात. त्यामुळे उष्णतेत फारशी वीज वाया जात नाही आणि ५०० वॅटचा अ‍ॅम्प दोन-तीन किलोंत बसतो. स्पीकरच्या मागचे जड फेराइट चुंबक जाऊन निओडिमियमचे आले. ते आकाराने लहान, वजनाने कमी आणि ताकदीला मोठे असतात.

पेटी लहान म्हटली की अ‍ॅम्प दमदार हवा, हे गणित यातूनच येते. जुना ५० वॅटचा अ‍ॅम्प ठेवून फक्त पेटी लहान केली, तर पदरी निराशाच येते.

चौथी पायरी: किती इंची, किती स्पीकर?

स्पीकरचा पुढचा शंकूसारखा भाग पुढे-मागे हलून हवा ढकलतो. त्याला आपण पडदा म्हणू. खर्जासाठी भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून पडद्याचे एकूण क्षेत्रफळ महत्त्वाचे.

ढोबळ आकडे असे: दहा इंची स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस सेंटीमीटर, बारा इंचीचे ५२०, पंधरा इंचीचे ८५०. म्हणजे दहा इंची दोन स्पीकर एका बारा इंचीच्या पुढे जातात आणि बारा इंची दोन स्पीकर एका पंधरा इंचीच्या.

‘पंधरा इंची म्हणजे खर्ज, दहा इंची म्हणजे कडक आवाज’ हे दुकानात हमखास ऐकू येईल. ते अर्धेच खरे आहे. खर्ज किती खाली जाईल हे स्पीकरची घडण आणि पेटीचे आतले माप मिळून ठरवतात. चांगल्या पेटीतला दहा इंची स्पीकर सुमार पेटीतल्या पंधरा इंचीला मागे टाकू शकतो.

लहान पेटी शोधणाऱ्यांसाठी मधला मार्ग म्हणजे बारा इंची एक स्पीकर. अशी पेटी आतून साधारण ४०-५० लिटरची असते, म्हणजे तेलाच्या पंधरा किलोंच्या तीन डब्यांएवढी. रिक्षात मांडीशेजारी बसते आणि पुढे तशीच दुसरी जोडता येते.

पाचवी पायरी: वॅटचा आकडा वाचायचा कसा?

स्वस्त म्युझिक सिस्टिमवर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट आपल्याला आठवत असतील. तो आकडा खोक्यावर छापण्यापुरताच असायचा. बेसच्या पेटीचेही दोन-तीन आकडे दिलेले असतात. ‘पीक’ म्हणजे क्षणभराचा झटका. ‘प्रोग्रॅम’ हा बहुधा सलग क्षमतेच्या दुप्पट धरलेला असतो. आपण बघायचा तो सलग क्षमतेचा आकडा. त्याच्यापुढे ‘आरएमएस’ किंवा ‘एईएस’ असे लिहिलेले असते.

पण वॅट म्हणजे आवाज नव्हे. पेटी किती वीज पचवते, एवढेच तो आकडा सांगतो. त्या विजेचा आवाज किती होतो हे सांगणारा आकडा वेगळा. त्याला संवेदनशीलता म्हणतात. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे त्याचे मोजमाप.

डेसिबलचा हिशेब सोपा आहे. ३ डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वीज. समजा, एका पेटीची संवेदनशीलता ९४ आणि दुसरीची १००. फरक ६ डेसिबलचा. म्हणजे पहिलीला ४०० वॅट दिल्यावर जो आवाज येतो, तो दुसरी १०० वॅटमध्येच देते.

इथेही एक खाच आहे. काही कंपन्या संवेदनशीलता वरच्या स्वरांवर मोजून मोठा आकडा देतात. हॉफमनचा नियम इथे कामाला येतो. लहान पेटी, ४० हर्ट्झपर्यंत खर्ज आणि १०० डेसिबल असे तिन्ही दावे एकाच कागदावर दिसले, तर त्यातला एक तरी फुगवलेला आहे असे समजा.

सहावी पायरी: पडद्याची धाव

पेट्या जळतात त्यापेक्षा फाटतात जास्त, आणि त्याचे कारण वॅटच्या आकड्यात दिसत नाही. पडदा पुढे-मागे किती मिलिमीटर नीट हलू शकतो यालाही मर्यादा असते. माहितीपत्रकात ती ‘एक्समॅक्स’ या नावाने देतात. आपण तिला धाव म्हणू.

आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, तर पडद्याला चौपट धावावे लागते. ई वरून बी तारेपर्यंत उतरतानाही धाव सुमारे पावणेदोन पट होते. म्हणून ४०० वॅटची पेटी १५० वॅटवरसुद्धा फडफडू शकते, विशेषतः अ‍ॅम्पवर ‘बेस’चे बटण पूर्ण फिरवलेले असताना.

फडफड किंवा टकटक ऐकू आली की आवाज लगेच कमी करा. ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणून दामटले, की स्पीकर कायमचा जातो.

त्यावर चांगला उपाय म्हणजे हाय-पास फिल्टर. ठरावीक मर्यादेखालची कंपने तो अडवतो. काही अ‍ॅम्पमध्ये तो असतोच, नाहीतर पॅडलच्या रूपात वेगळा मिळतो. ३०-३५ हर्ट्झखालचा निरुपयोगी भाग कापला, की छोट्या पेटीला मोकळा श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचे कळतही नाही.

सातवी पायरी: बंद पेटी की तोंडाची?

पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली तर खर्ज तिथल्या तिथे विरतो. त्यासाठीच पेटी लागते. पाठ उघडी असलेली इलेक्ट्रिक गिटारची पेटी बेसला चालत नाही, ती याच कारणाने.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. बंद पेटीत हवा स्प्रिंगसारखी काम करते. खर्ज हळूहळू उतरत जातो, पण पडद्यावर लगाम राहतो. दुसऱ्या प्रकारात पेटीला पोर्ट म्हणजे मोजून-मापून केलेले तोंड असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक स्वर घुमतो, तशीच ही पेटी एका ठरावीक खालच्या स्वराला साथ देते. लहान आकारात जास्त खर्ज मिळतो तो यामुळे.

पण त्या ठरावीक स्वराच्या खाली पोर्टची पेटी पडद्याला मोकाट सोडते. म्हणजे पोर्टची छोटी पेटी आणि पाच तारांचा बेस, अशी जोडी असेल तर मागच्या पायरीतला फिल्टर जवळ हवाच.

तोंडाचे माप अंदाजाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित बसवून दिले. म्हणून ओळखीच्या सुताराकडून ‘अशीच, पण थोडी लहान’ पेटी करून घेण्याच्या फंदात पडू नका. माप बदलले की घुमण्याचा स्वरही बदलतो.

लाकूड हलके आणि ताठ प्लायवूडचे बघा. एमडीएफ जड असते आणि ओल लागली की फुगते. कोकणात किंवा गोव्यात पेटी पावसाळ्यात फिरणार असेल, तर हे विसरू नका. पेटीवर मुठीने ठोकून बघा. आवाज ‘टक्’ असा कोरडा यावा, ‘ढब’ असा पोकळ नको.

आठवी पायरी: ओहमचे गणित

ओहम म्हणजे पेटीने विजेला केलेला अडथळा. बेसच्या पेट्या बहुधा ८ किंवा ४ ओहमच्या असतात, आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर ‘कमीत कमी ४ ओहम’ असे काहीतरी लिहिलेले असते.

अडथळा कमी, तर वीज जास्त वाहते. ४ ओहमला ५०० वॅट देणारा अ‍ॅम्प ८ ओहमला साधारण २५० ते ३०० वॅट देतो. हे ऐकून आपण निराश होतो, पण मागचा हिशेब आठवा: वीज निम्मी झाली तरी आवाज घटतो तो तीनच डेसिबल.

दोन पेट्या एकत्र जोडल्या की ओहम घटतात. आठच्या दोन पेट्या मिळून चार. चारच्या दोन मिळून दोन, आणि बऱ्याच अ‍ॅम्पना ते झेपत नाही. अ‍ॅम्प तापून बंद पडतो किंवा बिघडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक इथलीच. ‘पूर्ण ताकद मिळते’ म्हणून ४ ओहमची पेटी घ्यायची आणि वर्षभराने दुसरी घ्यायला गेल्यावर कळायचे की अ‍ॅम्प दोन्ही ओढू शकत नाही. म्हणून पहिली पेटी ८ ओहमची घ्या. नंतर तशीच दुसरी जोडली, की पडद्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते, अ‍ॅम्पही पूर्ण ताकदीने चालतो आणि आवाज जवळपास ६ डेसिबलने वाढतो. घरी एक, तालमीला एक, मोठ्या जागी दोन. छोट्या पेटीचा खरा फायदा हाच.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणाऱ्या, अ‍ॅम्पचे नियम वेगळे असतात. त्याच्यावर लिहिलेल्याच ओहमची पेटी जोडा, आणि पेटी न जोडता तो कधीही वाजवू नका.

नववी पायरी: केबल आणि ट्वीटर

गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतची केबल आणि अ‍ॅम्पपासून पेटीपर्यंतची केबल बाहेरून सारखीच दिसते, पण आतून नाही. गिटारच्या केबलीत एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. तिच्यातून शेकडो वॅट पाठवले तर ती तापते. पेटीसाठी दोन जाड तारांची स्पीकर केबलच हवी. शक्यतो ‘स्पीकॉन’ जोडणीची पेटी घ्या. तिचा प्लग फिरवून घट्ट बसतो, ओढला तरी निसटत नाही.

ट्वीटर म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर. अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याच्या ‘स्लॅप’ शैलीत तो चमक आणतो. पण तो बोटांची खरखरही तेवढ्याच प्रामाणिकपणे ऐकवतो. त्यामुळे कमी-जास्त करायचे बटण पाठीमागे असलेली पेटी बरी.

दहावी पायरी: दुकानात

आपला बेस आणि जमल्यास आपलाच अ‍ॅम्प घेऊन जा. अ‍ॅम्पची सगळी बटणे मधोमध ठेवा. दुकानदार बेस वाढवून देईल, तो नम्रपणे पुन्हा मधोमध आणा.

ई तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवा. एखादा स्वर एकदम फुगला किंवा बुडाला तर नोंद करा. तोच स्वर खोलीत दुसरीकडे उभे राहून ऐका. जागा बदलल्यावर फरक पडला, तर दोष खोलीचा. सगळीकडे तसाच ऐकू आला, तर पेटीचा संशय घ्या.

मग आवाज तालमीएवढा वाढवा. हळू आवाजात सगळ्याच पेट्या गोड वाटतात. खालचे स्वर लांबवून धरा आणि पेटीतून खडखड किंवा पोर्टमधून फसफस येते का ते बघा. वापरलेली पेटी असेल तर पडद्याच्या कडेची घडी तडकली आहे का, तेही तपासा. शेवटी पेटी एका हाताने उचलून दुकानाच्या बाहेरपर्यंत नेऊन आणा. माहितीपत्रकातले वजन खरे किती, हे तेव्हा कळते.

अकरावी पायरी: पेटी ठेवायची कुठे?

पेटी घरी आली, पण काम संपले नाही. भिंतीला टेकवली तर खर्ज वाढतो, कोपऱ्यात ठेवली तर आणखी वाढतो. छोट्या पेटीला ही फुकटची मदत आहे. पण समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असले, तर ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज खोली स्वतःच फुगवते. मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, म्हणजे अगदी तिच्या शेजारचा स्वर. अशा वेळी अ‍ॅम्पला दोष देण्याआधी पेटी दोन फूट सरकवून बघा.

दुसरी गोष्ट उंचीची. वरचे स्वर सरळ रेषेत जातात आणि जमिनीवरची पेटी गुडघ्यांशी बोलते. मग आपल्याला स्पष्ट ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वीस फुटांवर बसलेल्यांचे कान किटतात. पेटी खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलती करा. दोन पेट्या असतील तर शेजारी-शेजारी न ठेवता एकीवर एक रचा. वरची कानाजवळ येते.

‘आवाज पुरत नाही, आणखी मोठी पेटी घ्यावी’ असे वाटू लागेल, तेव्हा आधी हीच पायरी करून बघा. पुष्कळदा पेटी पुरेशी असते, फक्त ती गुडघ्यांना ऐकवत असते.